बाहेरची चावी

"सूनबाई, नाल नसलेल्या गाडीत लेकराला बसवू नको," असं शेजारच्या भिकाबाईनं सांगितलं, तेव्हा वैष्णवी हसली होती. दसऱ्याचा दिवस होता. दारात पांढरी सेकंड-हँड गाडी उभी, बॉनेटवर झेंडूचा हार, चाकांखाली लिंबं, आणि मागच्या सीटवर अडीच वर्षांची ईश्वरी तोंडानंच हॉर्न वाजवत बसलेली. भिकाबाईचं म्हणणं असं, की गाडी दुसऱ्याच्या हातची, तिला कुणाचं काय लागलेलं असेल सांगता येत नाही. फाट्यावरच्या महाराजांकडून काळ्या घोड्याची नाल आणावी आणि चावीला बांधावी. वैष्णवी हिंगोलीच्या कॉलेजातून बी.एस्सी. झालेली. ती म्हणाली, "मावशी, घोड्याचं सामान घोड्याला राहू द्या की." सगळे हसले. भिकाबाईही हसली, पण जाता जाता म्हणाली, "हास बाई. आमी आपलं सांगायचं काम केलं."

पौषात ईशूला ताप भरला, आणि हिंगोलीला नेताना त्याच गाडीत, त्याच मागच्या सीटवर तिला झटका आला. डोळे वर, हातपाय ताठ, ओठ निळे. वैष्णवीला नंतर त्या रस्त्यातलं काहीच आठवेना. लहान मुलांच्या डॉक्टरांनी मात्र शांतपणे समजावून सांगितलं. काही लेकरांना ताप चढताना असा झटका येतो, वय वाढलं की जातो. आला तर कुशीवर निजवायचं, तोंडात काही घालायचं नाही, आणि पाच मिनिटांत थांबला नाही तर जवळचा दवाखाना गाठायचा.

"गाडी आहे ना घरी?" डॉक्टरांनी विचारलं.

"आहे."

"मग झालं तर."

वैष्णवीनं डॉक्टरांचा शब्द न् शब्द लक्षात ठेवला. पण कानात भिकाबाईचं वाक्यही जाऊन बसलं होतं, आणि ते काही केल्या उठेना. म्हणून आठवड्याभरानं सासूबाई, म्हणजे शकुबाई, पदराखाली काहीतरी जड घेऊन फाट्यावरून आल्या, तेव्हा ती हसली नाही. काही बोललीही नाही. त्या घरात सुनेचं न बोलणं होकारात धरलं जात असे.

नाल तळहाताएवढी होती. तिला लोखंडाचे सात खिळे, एक पितळी घंटी आणि काळ्या दोऱ्याचा जाडजूड गोंडा होता. वैष्णवीच्या नवऱ्यानं, हरीशनं, ती हातात झेलून बघितली.

"माय, ही चावीला बांधायची का चावी हिला बांधायची?"

"मी बी इचारलं बापा, येवढी जड काहून? म्हाराज म्हन्ले, ग्रह हलका असता तर हलकी दिली असती."

हरीशनं दोरा ओढून बघितला. त्यानं नाल चावीला बांधली.

आखाडा बाळापूरपासून आत येणारा रस्ता जिथं गावाकडं वळतो, तिथं पत्र्याच्या शेडमध्ये नालवाले महाराज बसत. अमावास्येला तर फाट्यावर पाय ठेवायला जागा नसे. जीपगाड्या, छोट्या कार, मोटारसायकली, हळदीची पोती वाहणारे टेम्पो, सगळ्यांची तोंडं शेडकडं. मालक उन्हात, गाड्या सावलीत. महाराज काळा झब्बा घालून गाड्यांमधून फिरत आणि बोलत, आणि त्यांच्या बोलण्याला मध्ये थांबा नसे.

"शनी कशाचा?"

"लोखंडाचा!" गर्दी म्हणे.

"गाडी कशाची?"

"लोखंडाची!"

"मग गाडी कुणाची?"

"शनीची!"

"अन् हप्ते कोण भरून राहिलं?"

"आमी!"

"बघा," महाराज खिन्न होत. "हप्ते तुमचे, गाडी शनीची. माणसाला आईबाप असतात, ते नजर काढतात. गाडीला कोण आहे? म्हणून ग्रह आधी गाडीला धरतो, मग गाडीतल्याला." इथं ते थांबत आणि एखाद्या लेकुरवाळीकडं बघत. मग प्रत्येक गाडीची पत्रिका निघे. गाडीची जन्मवेळ म्हणून पासिंगची तारीख चाले. एका जीपचा मंगळ निघाला. एका टेम्पोला साडेसाती होती आणि ती त्याच्या आधीच्या मालकाकडून जशीच्या तशी ट्रान्सफर झाली होती.

शकुबाईंच्या गाडीचं नाव निघालं तेव्हा महाराजांनी नंबराची बेरीज केली, डोळे मिटले आणि विचारलं, "लेकराला तकलीफ झाली ना?" गर्दीतून सुस्कारा निघाला. ईशूच्या झटक्याची बातमी गावात सगळ्यांना होती. भिकाबाईनंच ती फाट्यापर्यंत पोचवली होती.

हळद शिजवायचे दिवस आले आणि गाडी बंद पडू लागली.

आधी खड्ड्यात. चाक आदळलं की इंजिन गप्प. मग दारात उभ्या उभ्या. हरीश चावी फिरवी. सेल्फ मारला की इंजिन घुरघुरे, धरे, जीव आल्यासारखं एकदा थरथरे, आणि त्यानं चावी सोडली की मरे. पुन्हा फिरव, पुन्हा धर, पुन्हा मर. बॅटरी चांगली होती. पेट्रोल होतं. हरीशनं एकदा रागानं चाकाला लाथ मारली आणि लंगडत शेतावर गेला.

शकुबाईंनी निरोप धाडला. महाराज आले, मागं अर्धं गाव आलं. महाराजांनी गाडीला प्रदक्षिणा घातली, चावी काढायला लावली, नाल हातात घेतली, कानाला लावली.

"भरली," ते म्हणाले.

"काय भरलं?"

"नाल. ग्रह ओढून ओढून नाल भरली. आता तिच्यात जागा न्हाई. ज्याला भूक लागते त्याचं पोट भरणारच की!"

हे कुणालाही पटण्यासारखं होतं. महाराजांनी चावीचा दोरा सोडला, नाल हळदीच्या पाण्यात बुडवली, काही पुटपुटले आणि मोकळी चावी घेऊन स्वतः गाडीत बसले. चावी फिरवली. इंजिन धरलं. चावी सोडली. इंजिन चालूच राहिलं. बायांनी हात जोडले. कुणीतरी नारळ फोडला. महाराजांनी रिकामी झालेली नाल पुन्हा चावीला बांधून शकुबाईंच्या ओटीत दिली. चार दिवस गाडी कशीबशी चालली आणि पाचव्या दिवशी नाल पुन्हा भरली.

तालुक्यात ज्यांच्या ज्यांच्या चावीला नाल होती, त्यांची भरत होती. ज्यांच्या चावीला नव्हती त्यांची गाडी चालत होती, पण त्याचं कारण गावाला ठाऊक होतं. त्यांच्यावर ग्रहच नव्हता.

हरीशनं गाडी बाळापूरला थावराच्या गॅरेजात नेली. थावरा तांड्यावरचा, पंचक्रोशीतल्या सगळ्या गाड्यांच्या खोडी त्याला पाठ. पण मंतरलेली नाल गॅरेजात न्यायची नाही, असा शकुबाईंचा दंडक होता. "तिथं तेल, ग्रीस, कोन काय खाऊन हात लावंल, देवाची वस्तू इटाळंल." त्यामुळं गॅरेजात जाताना नाल काढून देव्हाऱ्यात ठेवली जाई आणि मोकळ्या चावीवर गाडी निघे. थावरानं प्लग काढले, पुसले, ठिणगी बघितली, कॉइल बदलून बघितली. गाडी त्याच्यापुढं एकदाही बंद पडली नाही.

"हरीशभाऊ, गाडीला काही झालेलं न्हाई," तो म्हणाला. "तुमच्या घराला झालं आसंल."

तो थट्टेनं म्हणाला होता. गावानं ते तसं घेतलं नाही. गाडी मेकॅनिककडं चालते आणि घरी मरते, याचा अर्थ काय? महाराजांना विचारलं. ते म्हणाले, "ग्रह नालेत अडकलाय. नाल घरी राहिली, ग्रह घरी राहिला, गाडी मोकळी सुटली." आणि यात तसं बघितलं तर एकही गोष्ट खोटी नव्हती. फक्त ग्रहाच्या जागी दुसरा शब्द घालायला हवा होता. तो मात्र तोवर कुणाला सुचला नव्हता, वैष्णवीलासुद्धा.

वैष्णवीला सुचत होतं ते एवढंच, की ईशूला पुन्हा ताप येईल आणि गाडी धरणार नाही. रात्रीतून दोन-तीनदा ती उठून लेकराच्या कपाळाला हात लावी. आणि दिवसा गाडीवर लक्ष ठेवी, घरात पाहुणा म्हणून आलेल्या संशयित माणसावर ठेवावं तसं. कधी बंद पडली, कोण चालवत होतं, आधी काय झालं होतं. विचारायला कुणी नव्हतं आणि सांगायलाही कुणी नव्हतं. नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणे, "तू इतका इचार करत बसू नको." मग ती एकटीच विचार करत बसे.

आता त्या घरात आणखी एक दंडक होता. महिन्यातले चार दिवस वैष्णवीनं नालेला शिवायचं नाही. गाडीला शिवायला हरकत नव्हती. शेतावर हळद शिजवणाऱ्या गड्यांना भाकरी पोचवायला आणि बाळापूरहून औषध आणायला दुसरं कुणी मोकळं नव्हतं, आणि अडचणीपुढं सोवळं बरोबर वाकतं. म्हणून गाडीबरोबर आलेली दुसरी चावी, नुसती, बिननालेची, ओसरीवरच्या खुंटीला अडकवलेली असे. तिचं नाव पडलं होतं 'बाहेरची चावी'. 'बाहेरची' म्हणजे काय, हे घरात सगळ्यांना कळत होतं. ईशूसुद्धा भिकाबाईच्या दारात जाऊन, "आज आई बाहेलची हाय," असं जाहीर करून येई.

चैत्राची अमावास्या आली. वैष्णवी त्या दिवशी सकाळीच न्हाऊन घरात आली होती आणि बाहेरची चावी खुंटीला गेली होती. ईशूला पहाटेपासून ताप होता. वैष्णवी अंग पुसून काढत होती, औषध पाजत होती, थर्मामीटर बघत होती. हरीश जेवायला घरी आला होता. त्यानं पहिला घास मोडला आणि आतून वैष्णवीची हाक आली. ती हाक ऐकून त्यानं ताट तसंच ढकललं.

लेकरू ताठ झालं होतं. वैष्णवीनं तिला कुशीवर वळवलं, घड्याळाकडं बघितलं. "अहो, गाडी काढा."

हरीश नाल बांधलेली चावी घेऊन धावला. इंजिन घुरघुरलं, धरलं, मेलं. घुरघुरलं, धरलं, मेलं. प्रत्येक वेळी नालेवरची घंटी वाजत होती.

अंगण भरायला वेळ लागला नाही. भिकाबाई फोडलेला कांदा घेऊन आली. "हुंगव तिला, हुंगव." कुणी म्हणालं, "चप्पल धरा नाकाशी." कुणी चमचा आणला, दातात घालायला. वैष्णवीनं चमचा हातानं उडवून लावला.

"नाल भरली रे बापा!" शकुबाई छाती पिटत म्हणाल्या. "आज अमावस्या, म्हाराज फाट्यावरच हायेत. लेकराला उचल हरीश, गाडीतला ग्रह लेकरात शिरला. पळ!"

हरीश उंबऱ्यात उभा राहिला. त्याचे हात लेकराकडं पसरले होते आणि पाय फाट्याकडं वळले होते. तापलेलं, ताठ झालेलं लेकरू उन्हात दीड मैल पळवत न्यायचं, आणि नेऊन एका पत्र्याच्या शेडमध्ये ठेवायचं. वैष्णवीचं लक्ष घड्याळावर होतं. पाच मिनिटं होत आली होती.

"काल गाडी चालली," ती म्हणाली.

"काय?"

"काल चालली. परवा चालली. चारी दिवस मी चालवली. मागच्या महिन्यातबी माझे चार दिवस ती एकदाबी बंद पडली न्हाई. थावराच्या हातात बंद पडली न्हाई. म्हाराजांच्या हातातबी बंद पडली न्हाई." ती बोलत होती आणि बोलता बोलताच तिला दिसत होतं. "अहो, ती बाहेरची चावी घ्या."

"येडी झाली का गं?" शकुबाई खुंटीपुढं आडव्या झाल्या. "इटाळाची चावी, अन् आज? आधीच ग्रह चवताळला, पोरगी हातची जाईल!"

"आत्याबाई, पोरगी इथं थांबल्यानं जाईल."

इतक्या दिवसांत पहिल्यांदा वैष्णवीचा आवाज घराबाहेर ऐकू गेला असेल. शकुबाई बाजूला झाल्या नाहीत. हरीशनं आईच्या खांद्यावरून हात घातला आणि चावी काढली.

मोकळी चावी फिरली. इंजिन धरलं. हरीशनं चावी सोडली. इंजिन चालू राहिलं. वैष्णवी लेकराला कुशीवर धरून मागं बसली. बाळापूरपर्यंत गाडी एकाही खड्ड्यात थांबली नाही, आणि त्या रस्त्याला खड्ड्यांची कमी नाही.

सरकारी दवाखान्यातल्या बाईडॉक्टरांनी ईशूच्या नाकात औषधाचा फवारा मारला. थोड्या वेळानं तिचा हात सैल पडला, ओठांचा रंग परतला, ती रडली. तिचं रडणं ऐकून वैष्णवी भिंतीला टेकून खाली बसली.

"अजून वेळ लावला असता तर अवघड होतं," डॉक्टर म्हणाल्या. "बरं झालं, गाडी होती."

"हो," वैष्णवी म्हणाली. "गाडी होती."

दुसऱ्या दिवशी दुपारी लेकराला घेऊन दोघं घरी परतले, तर अंगणात मांडव घातल्यासारखी गर्दी. मध्ये खुर्चीवर नालवाले महाराज, गळ्यात हार. शकुबाई पायाशी.

"आली का बेटी?" महाराज म्हणाले. "काल मला तिकडं फाट्यावर कळ आली. म्हटलं, कुणीतरी लेकरू तडफडून राहिलं. मी डावा हात असा केला अन् म्हटलं, छोड! नाल तिथूनच रिकामी केली. लगेच गाडी चालू. झाली का न्हाई?"

"झाली, झाली!" गर्दी म्हणाली.

वैष्णवीनं ईशूला हरीशच्या कडेवर दिलं. रात्रभर दवाखान्याच्या खाटेशी बसून तिनं एकच गोष्ट पुन्हा पुन्हा तपासली होती. आता तिला राग येत नव्हता. तिला फक्त बघायचं होतं.

"महाराज, नाल रिकामी झाली ना?"

"एकदम रिकामी."

"मग मला समजावून सांगा. मी अडाणी आहे." तिनं खुंटीजवळ पडलेली नाल उचलून तिची चावी सोडवली, गाडीचं दार उघडून ती ड्रायव्हरशेजारच्या सीटवर ठेवली आणि मोकळी चावी लावली. गाडी चालू झाली, चालू राहिली. "नाल गाडीतच आहे. चालतेय."

"रिकामी हाय ना."

"बरोबर." तिनं गाडी बंद केली, नाल चावीला बांधली, पुन्हा फिरवली. इंजिन धरलं. तिनं चावी सोडली. नाल खाली लोंबली आणि इंजिन मेलं.

"भरली!" गर्दीतून कुणीतरी ओरडलं.

"एवढ्यात?" हरीश म्हणाला.

"ग्रह मोठा हाय," महाराज म्हणाले, आणि गर्दीनं मान डोलावली. क्षणभर सगळं अंगण पुन्हा त्यांचं झालं.

वैष्णवी शकुबाईंकडं वळली. "आत्याबाई, कोठीतली हळकुंडं आणा. या नालेएवढी, हातानं तोलून. आन् फडक्यात बांधा. तुमीच बांधा, माझा हात नको."

शकुबाईंना यात काही वावगं दिसलं नाही. हळद त्यांच्याच रानातली, त्यांनीच निवडलेली. त्यांनी एका हातात नाल, एका हातात हळकुंडं घेऊन नीट तोलली आणि फडक्याची पुरचुंडी बांधली. वैष्णवीनं नाल सोडून ती लांब ओट्यावर ठेवली आणि पुरचुंडी चावीला अडकवली.

"भिकामावशी, तुमी बसा. फिरवा चावी."

"मी? मला कुठं येतंय गं?"

"फिरवायची अन् सोडायची. गॅसचं बटन फिरवता तसं."

भिकाबाई पदर खोचून ड्रायव्हरच्या जागेवर बसली, देवाचं नाव घेतलं, चावी फिरवली. इंजिन धरलं. तिनं घाबरून हात काढून घेतला. पुरचुंडी लोंबली. इंजिन मेलं.

मग मागून एक म्हातारा म्हणाला, "हळद भरली का काय?"

पहिलं हसू तिथं फुटलं. "रिकामी करा म्हाराज, हळद रिकामी करा!"

महाराज खुर्चीतून उठले. "नालेचा संसर्ग झाला हळदीला. एका घरात राहून..."

"काय म्हन्ले?" शकुबाई म्हणाल्या.

"संसर्ग. हळद दूषित..."

"माझी हळद?" शकुबाईंचा आवाज चढला. "देवाला वाहतो आमी ती. नवरीच्या अंगाला लावतो. माझ्या हळदीला नाव ठिवू नका म्हाराज. नालेचं काय ते तुमी बघा, हळदीचं मला कळतं."

सुनेचं शिक्षण, डॉक्टरांचा शब्द, लेकराचा जीव, यातल्या कशानंही जे झालं नव्हतं, ते तिथं झालं. शकुबाईंनी पुरचुंडी स्वतः सोडली, मोकळी चावी सुनेच्या हातात दिली आणि म्हणाल्या, "फिरव." गाडी चालू झाली.

"महाराज," वैष्णवी म्हणाली, "तुम्ही दर वेळी आधी नाल सोडता आणि मग चावी फिरवता. आज उलटं करा. नाल बांधलेली ठेवा, मंत्र म्हणा, आणि गाडी चालू करून दाखवा. मी तुमच्या पाया पडते."

"श्रद्धा नसलेल्या ठिकाणी..." महाराज चपला शोधू लागले.

गाडीचं ऐकून थावरा आला होता. तो महाराजांच्या जीपपाशी उभा होता. "ह्यांच्या बंपरला नाल वेल्डिंग केलेली हाय," तो आत डोकावून म्हणाला, "पण चावी नुसतीच लटकून राहिली. ओ म्हाराज, तुमच्या चावीला काहून न्हाई बांधली? ग्रह तुमच्यावर न्हाईत, का तुमाला आधीच सगळं माहीत हाय?"

महाराज जीपमध्ये बसले. जीप पहिल्या सेल्फला चालू झाली. अमावास्येला फाट्यावरचं शेड पुढं रिकामंच राहिलं.

थावरानं त्याच दुपारी चावीचा स्विच उघडून अंगणात फडक्यावर मांडला, आणि सगळे वाकून बघत राहिले. बिघाड काही मोठा नव्हता. चावी शेवटपर्यंत फिरवली की सेल्फ फिरतो. सोडली की ती एक घर मागं येते, आणि त्या घरात असताना इंजिनाला ठिणगीसाठी करंट मिळत राहतो. स्विच जुना, रस्ता खड्ड्यांचा, आणि चावीला अर्ध्या किलोचं लोखंड लोंबत होतं. दर खड्ड्याला ते हिसका देई. कळशी टांगून टांगून खुंटी ढिली व्हावी, तशी आतली पितळी पट्टी झिजली, काळी पडली. मग वजन खाली ओढू लागलं की चावी त्या घरात नीट बसेना, करंट तुटे, ठिणगी जाई, इंजिन मरे. वजन काढलं की पट्टी पुन्हा टेके. महाराज इतके दिवस ग्रह बघत होते, बिघाड घरात होता.

"मग माझ्याकडं ही बंद काहून पडली न्हाई?" थावरानं विचारलं.

"तुझ्याकडं आमी नाल पाठवलीच न्हाई," हरीश म्हणाला. "इटाळ होईल म्हून."

थावरानं फडक्यावरचे तुकडे गोळा केले. नवा स्विच आणायला तो बाळापूरला गेला.

देव मानावा की नाही, हे ज्याचं त्यानं ठरवावं. त्यासाठी ही गोष्ट सांगितलेली नाही. पण जी वस्तू पुन्हा पुन्हा 'भरते', ती काढून बघा. काढल्यावर काय होतं ते बघा, तिच्या जागी दुसरं काही लावून बघा. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि डोळे उघडे ठेवा. यासाठी बी.एस्सी. लागत नाही, हळकुंडाची पुरचुंडी पुरते. आणि लेकरू आजारी असेल तर आधी दवाखाना, बाकीचं सगळं नंतर. कांदा, चप्पल, चमचा, काही नको. कुशीवर निजवा आणि निघा.

फाट्यावरचं शेड उठलं, पण घोड्याच्या नाला उठल्या नाहीत. त्या अजून चाव्यांना लोंबताहेत, हट्टा गावाकडं, कळमनुरीकडं, कुठं कुठं. तुमच्या शेजारीही असेल एखादं घर. पोटुशी सून असेल, तापाचं लेकरू असेल, दम्याची म्हातारी असेल, आणि दारात गाडी उभी म्हणून सगळे निर्धास्त असतील. त्या घरातली बाई कदाचित रात्री उठून गाडीकडं बघत असेल आणि कुणाला बोलत नसेल. ती स्वतःहून तुमच्याकडं येणार नाही. तुम्ही जा. चहा घ्या, लेकराची चौकशी करा, आणि सहज म्हणा, "वहिनी, गाडी जरा चालू करून दाखवा बरं." इंजिन चालू होऊन चालू राहीपर्यंत तिथून उठू नका.